दुकानात मिळाली ती जर्सी : अमेरिकन फुटबॉलच्या मिटलेल्या संघांची पार्श्वभूमी

कँटन बुलडॉग्ज, डेटन ट्रायँगल्स, पॉट्सव्हिल मरून्स, फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स. अमेरिकन फुटबॉलमधले, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या आणि अंगावर झेपावायच्या खेळातले हे संघ शतकापूर्वी व्यावसायिक म्हणून खेळले आणि 1931 पर्यंत सगळे मिटले. आता हौशी चित्रकार आणि डिझायनर त्यांच्यासाठी नवे गणवेश आणि बोधचिन्हं काढत असतात. काम मोठ्या प्रेमाचं आहे. पण अनेक चित्रांत दात विचकणारा बुलडॉग आणि झगझगीत हेल्मेट एवढंच दिसतं. त्या संघांच्या अंगावर मुळात काय होतं आणि ते कुठून आलं, ही गोष्ट त्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

या खेळात पैसे घेऊन खेळल्याचा पहिला ज्ञात पुरावा 12 नोव्हेंबर 1892 चा आहे. पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने पज हेफेलफिंगर या खेळाडूला एका सामन्याचे 500 डॉलर दिले. पुढची पंचवीसेक वर्षं हा धंदा पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतल्या गिरण्या-खाणींच्या गावांत वाढला. प्रतिष्ठा होती ती विद्यापीठांच्या फुटबॉलला. व्यावसायिक संघ म्हणजे रविवारी खेळणारे कामगार, जुने कॉलेजपटू आणि त्यांच्यावर पैजा लावणारे गावकरी.

17 सप्टेंबर 1920 रोजी ओहायोतल्या कँटन गावात राल्फ हे यांच्या हपमोबिल मोटारींच्या शोरूममध्ये संघचालक जमले. खुर्च्या पुरेनात, म्हणून काही जण मोटारींच्या पायफळ्यांवर बसले. तिथे जी संघटना आकाराला आली तिचं 1922 मध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’ असं नामकरण झालं. पहिला अध्यक्ष जिम थॉर्प, त्या काळचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू. 1920 च्या त्या पहिल्या हंगामातले दोनच संघ आज उरलेत : शिकागोचे कार्डिनल्स, जे आता अ‍ॅरिझोनात आहेत, आणि डिकेटर स्टेलीज, जे पुढे शिकागो बेअर्स झाले.

या संघांचे रंग कसे ठरले? बहुतेक वेळा ठरवलेच नव्हते. कार्डिनल्सची गोष्ट सांगतात ती अशी : 1901 मध्ये ख्रिस ओब्रायन यांनी शिकागो विद्यापीठाच्या वापरलेल्या जर्सी विकत घेतल्या. मूळ मरून रंग धुऊन धुऊन विटला होता. ओब्रायन म्हणाले, हा मरून नाही, कार्डिनल लाल आहे. विटक्या लोकरीवरून संघाला नाव मिळालं आणि ते आजतागायत टिकलं. ग्रीन बेमध्ये 1919 साली कर्ली लॅम्बो ‘इंडियन पॅकिंग कंपनी’ या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. त्यांनी मालकाकडून गणवेश आणि साहित्यासाठी 500 डॉलर मिळवले आणि संघ पॅकर्स झाला. स्टेलीज हा तर डिकेटरमधल्या स्टार्च कारखान्याचाच संघ. डेटनचा त्रिकोण म्हणजे त्या गावातले तीन कारखाने. त्यांच्या कामगारांतून 1916 मध्ये संघ उभा राहिला. कोलंबस पॅनहँडल्सचे खेळाडू रेल्वेच्या वर्कशॉपमधले. त्यांना रेल्वेचा पास असायचा, त्यामुळे परगावचे सामने स्वस्तात पडायचे आणि हा संघ सदानकदा प्रवासातच असायचा.

माझी सर्वांत आवडती हकिगत पॉट्सव्हिलची. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातलं हे गाव. संघमालक डॉ. स्ट्रीगल हे पेशाने सर्जन. गावातले खेळसाहित्याचे दुकानदार जो झॅको यांना त्यांनी जर्सी मागवायला सांगितल्या, रंग कुठलाही चालेल म्हणाले. आल्या त्या मरून. संघाचं नाव पडलं मरून्स! 1925 मध्ये याच संघाने शिकागोत जाऊन कार्डिनल्सना 21-7 असं हरवलं. मग फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी प्रदर्शनी सामना खेळला आणि तोही 9-7 असा जिंकला. पण फिलाडेल्फिया हे फ्रँकफर्ड संघाचं राखीव क्षेत्र होतं. लीगने पॉट्सव्हिलला निलंबित केलं आणि विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर लागलं. गावाने हे कधीच मान्य केलं नाही. आपल्या खाणीतल्या कोळशातून चषक कोरून घेतला, आणि 2003 मध्येही लीगमधल्या संघमालकांपुढे हा विषय निघाला. तेव्हाही निकाल विरोधातच गेला. पॉट्सव्हिलसाठी नवं बोधचिन्ह काढणाऱ्याला याहून अधिक काय हवं? एक कोळशाचा खडा आणि दुकानदाराच्या मर्जीने आलेला एक रंग.

मुळात बोधचिन्ह ही कल्पनाच तेव्हा मैदानावर नव्हती. जर्सी जाड लोकरीची, भिजली की जड होणारी. छातीवर आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला खरखरीत कापडाच्या किंवा चामड्याच्या उभ्या पट्ट्या शिवलेल्या असत, चेंडू निसटू नये म्हणून. आज जुन्या फोटोत त्या शोभेच्या रेघा वाटतात. नव्या डिझाइनमध्ये कुणी त्या उचलल्या, तर निदान त्या तिथे का होत्या हे ठाऊक असावं. डोक्यावर चामड्याची टोपी, तीही ऐच्छिक. हेल्मेटची सक्ती 1943 मध्ये आली. हेल्मेटवर चिन्ह यायला 1948 साल उजाडलं. लॉस एंजेलिस रॅम्सचा खेळाडू फ्रेड गेर्की चित्रकलेचं शिक्षण घेतलेला होता. त्याने संघाच्या चामडी हेल्मेटवर मेंढ्याची शिंगं हाताने रंगवली, एका हेल्मेटला एक डॉलर या दराने. तोवर कँटन, डेटन, पॉट्सव्हिल कधीच मिटले होते.

अपवाद मिनेसोटा राज्यातल्या डुलूथच्या संघाचा. 1926 मध्ये अर्नी नेव्हर्स या ताऱ्याला घेऊन हा संघ देशभर फिरला, प्रदर्शनी सामने धरून 29 सामने खेळला आणि त्यातले जवळजवळ सगळे परगावी. त्यांच्या जर्सीवर छातीवर इग्लू होता. फिरत्या संघाला ओळख हवी होती, म्हणून चित्र आलं. त्या संघाचं नाव ‘एस्किमोज’, जे आर्क्टिकमधल्या लोकांना आज अपमानकारक वाटतं. कॅनडातल्या एडमंटनच्या संघाने याच कारणाने तेच नाव सोडलं. डुलूथची चित्रं आज काढताना इग्लू ठेवायचा की नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

ओहायोतल्या लारू या जेमतेम हजारभर वस्तीच्या गावाचा ‘ऊरँग इंडियन्स’ तर याहून अवघड. वॉल्टर लिंगो यांचा एअरडेल जातीच्या कुत्र्यांचा धंदा होता. त्याच्या जाहिरातीसाठी 1922 मध्ये त्यांनी लीगमध्ये संघ उभा केला, जिम थॉर्पला आणलं आणि सगळे खेळाडू मूळनिवासी अमेरिकन घेतले. मध्यंतरात कुत्र्यांच्या कसरती आणि ‘रेड इंडियन’ खेळ व्हायचे. दोन हंगामांत संघ संपला. या संघाच्या नव्या चिन्हात पिसांचा मुकुट घालणं म्हणजे लिंगो यांची जाहिरात पुन्हा छापणं. त्या जाहिरातीचा खरा नायक एअरडेल कुत्रा होता. चिन्हावर तोच शोभेल.

हे संघ मिटले त्याची कारणं साधी होती. छोटं गाव, छोटं मैदान, तिकीट खिडकीवर जमणारे पैसे प्रवासाला पुरत नसत. 1926 मध्ये लीगमध्ये 22 संघ होते, 1927 मध्ये 12 उरले आणि महामंदीच्या 1932 मध्ये 8. 1928 चा विजेता प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर सायकल शर्यतींच्या मैदानात खेळायचा. तोही काही वर्षांत गेला. ओहायोतल्या पोर्ट्समथचे स्पार्टन्स 1934 मध्ये डेट्रॉइटला जाऊन लायन्स झाले.

त्यांचे रंग शोधणं हे मात्र सोपं काम नाही. फोटो कृष्णधवल, शिवाय त्या काळी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल जर्सी काळी उमटायची, निळी मात्र फिकी. फोटोवरून अंदाज बांधणारा हमखास चुकतो. पॉट्सव्हिलची मरून जर्सीसुद्धा अशा फोटोत काळीच वाटेल. म्हणून चिकाटीने काम करणारे अभ्यासक सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची स्थानिक वर्तमानपत्रं वाचतात, कार्यक्रमपत्रिका आणि फेल्टच्या पताका शोधतात. 1979 पासून काम करणारी प्रोफेशनल फुटबॉल रिसर्चर्स असोसिएशन आणि हंगामागणिक गणवेशांची चित्रं जमवणारा ग्रिडायरन युनिफॉर्म डेटाबेस यांच्याशिवाय आज कुणाला धड सुरुवातही करता आली नसती.

लीगने स्वतः 1994 मध्ये पंचाहत्तरीनिमित्त जुन्या धर्तीचे गणवेश मैदानावर आणले. 2007 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स 1930च्या दशकातल्या फिकट निळ्या-पिवळ्या वेशात खेळले. ते फिलाडेल्फियाच्या ध्वजाचे रंग. 2010 मध्ये पॅकर्सनी चामड्यासारखी दिसणारी तपकिरी हेल्मेट घातली. 2013 मध्ये खेळाडूच्या सुरक्षिततेसाठी एका हंगामात एकच हेल्मेट, असा नियम आला आणि असे प्रयोग थंडावले. 2022 पासून दुसरं हेल्मेट पुन्हा चालू लागलं.

हा मान जिवंत संघांनाच मिळतो. डेटन किंवा कँटनची जर्सी मैदानात उतरवणारा आज मालकच नाही. आपल्याकडेही हा खेळ येऊन गेला. 2011 मध्ये घोषित झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुण्याचा ‘पुणे मराठाज’ संघ होता. त्याचे रंग शोधायला निदान रंगीत फोटो आहेत. कँटनच्या बाबतीत तीही सोय नाही. म्हणून या हौशी कलाकारांकडून माझी एकच अपेक्षा असते : चित्राशेजारी लिहावं, लाल रंग अमुक बातमीतून घेतला, त्रिकोण कारखान्यांचा, आणि बाहीवरची पट्टी माझी.