वीज स्वस्त, बॅटरी महाग: छोट्या ई-वाहनाचा खरा हिशेब

ई-स्कूटर किंवा छोटी ई-कार घेताना सगळ्यांचं लक्ष विजेच्या बिलाकडे जातं. ते लहानच येतं. शहरातल्या वेगाने चालणारी स्कूटर बॅटरीतून किलोमीटरमागे साधारण ३० वॉट-तास ऊर्जा घेते. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते हे धरलं, तर ५० किलोमीटरसाठी सॉकेटमधून सुमारे १.७ युनिट वीज लागते (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास). लिटरला ५० किलोमीटर जाणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्यासाठी एक लिटर पेट्रोल जाळते. त्या लिटरात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, पण बहुतेक ऊर्जा इंजिनाच्या उष्णतेत जाते. एक लिटर पेट्रोलचा भाव आणि १.७ युनिट विजेचा दर शेजारी मांडले की ५० किलोमीटरमागची बचत कळते. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक किती किलोमीटरमध्ये भरून निघेल, हेही त्यावरून काढता येतं.

पण खर्चाचा मोठा वाटा बॅटरीच्या झिजेचा असतो, आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही.

समजा बॅटरी ३ युनिटची, म्हणजे ३ किलोवॉट-तासांची आहे. क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंत ती १,००० पूर्ण चक्रं देते; पूर्ण भरून पूर्ण रिकामी होणं म्हणजे एक चक्र. मधल्या काळातली सरासरी क्षमता ९० टक्के धरली, तर ती आयुष्यभरात २,७०० युनिट ऊर्जा देईल. किलोमीटरमागे ३० वॉट-तास धरले, तर ९०,००० किलोमीटर. नव्या बॅटरीच्या किमतीला ९०,०००ने भागा. येणारा आकडा बऱ्याचदा विजेच्या खर्चाहून मोठा निघतो. लेड-ॲसिड बॅटरी घेताना स्वस्त पडते, पण तिची चक्रं ३०० ते ५०० एवढीच. लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल जड असले तरी २,०००च्या पुढे सहज जातात.

इथे एक मोठी अडचण आहे. लिथियम सेल वापरला नाही तरी वयानुसार उतरतो, आणि उष्णतेत ही झीज झपाट्याने वाढते. रोज २० किलोमीटर जाणाऱ्याला ९०,००० किलोमीटर गाठायला बारा वर्षं लागतील. बॅटरी त्याआधीच म्हातारी झालेली असेल. म्हणून दुप्पट रेंजची बॅटरी 'असू द्या' म्हणून घेणं आम्हाला पटत नाही. रोजचं अंतर अधिक तीस-चाळीस टक्के एवढी रेंज पुरते. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांना मात्र ई-वाहन लवकर परवडतं.

झीज कमी ठेवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. उन्हातून आल्यावर बॅटरी अर्धा तास निवू द्यावी, मगच चार्जर लावावा. शून्य अंशाखाली चार्ज करू नये; सेलच्या ॲनोडवर (ऋण टोकावर) लिथियम धातू साचतो आणि क्षमता कायमची जाते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर चार्ज ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. फॉस्फेट सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे टक्के दाखवणारा काटा चुकत जातो. अधूनमधून पूर्ण चार्ज केल्याने तो ठिकाणावर येतो.

बिघाड झाला म्हणजे दरवेळी अख्खी बॅटरी गेली असं नसतं. एका ओळीत १६ सेल असतील आणि त्यातला एक कमजोर झाला, तर त्याचा व्होल्टेज आधी खाली येतो आणि बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) सगळा पुरवठा तोडते. खरेदीच्या वेळीच विचारावं: पॅक उघडून दुरुस्त होतो की सरसकट बदलावा लागतो? ई-कार सुरूच होत नसेल, तर कित्येकदा दोष मुख्य बॅटरीत नसून १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीत असतो.

कारच्या ३.३ किलोवॉट चार्जरला २३० व्होल्टवर १४ अँपिअरहून जास्त प्रवाह तासन्‌तास लागतो. ढिल्या सॉकेटमध्ये संपर्क तापून प्लास्टिक वितळतं. त्यासाठी वेगळी लाइन ओढून घ्यावी आणि गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर टाळावी.

जुनी गाडी घेताना प्लगला लावायचा वीजमापक सोबत न्या. गाडी २० टक्क्यांवर आणून पूर्ण चार्ज करा. मापकावरच्या युनिटला ०.८८ने गुणा (चार्जिंगमध्ये बारा टक्के वाया जातात) आणि ०.८ने भागा (बॅटरीचा ८० टक्केच भाग भरला). ३ युनिटच्या बॅटरीत २.१ युनिट गेले, तर उत्तर २.३ येतं. म्हणजे क्षमता ७७ टक्के उरली आहे, आणि किमतीची घासाघीस नव्या बॅटरीचा खर्च धरूनच करावी.