शाळेतल्या मोफत जेवणासाठी अर्ज कुठे करायचा? सोलापूरच्या पालकांसाठी माहिती

शाळा सुरू झाल्या की विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांतून हमखास विचारणा होते: मुलाच्या खिचडीसाठी फॉर्म कुठे मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागतो का? फॉर्म नाही आणि दाखलाही लागत नाही. रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं, याचाही संबंध नाही. शाळेच्या पटावर नाव असावं आणि त्या दिवशी मूल हजर असावं, एवढं पुरे. या जेवणासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

ही कोणाची मेहेरबानी नाही. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी, जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुट्ट्या सोडून रोज एक वेळचं शिजवलेलं जेवण मोफत मिळायला हवं. माध्यम मराठी असो, उर्दू, कन्नड की तेलुगू, नियम एकच. पहिली ते पाचवीसाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० आणि ३० ग्रॅम, शिवाय भाजी आणि तेल. कागदोपत्री योजनेचं नाव २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ आहे. शाळेत ‘पोषण आहार’ म्हटलं तरी चालतं.

सगळ्यांना सारखं, हेच या योजनेचं खरं बळ आहे. ‘गरिबांची मुलं’ अशी वेगळी रांग लागली असती, तर कितीतरी पोरं लाजेनं उपाशीच बसली असती.

कागदपत्रं लागतात ती प्रवेशासाठी, आणि मुलं अडतात ती तिथेच. जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर दवाखान्याच्या किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर वयाबद्दल पालकांचं लेखी निवेदन चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तेच सांगतं. आधार कार्ड शाळा मागते आणि ते काढून घेतलेलं बरं, पण आधार नाही म्हणून ताट नाकारता येत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून टोळ्या येतात, माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात. तिथल्या मुलांबाबत ‘आधीच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू’ असं ऐकायला मिळतं. ते चूक आहे. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येत नाही. कोपीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाला न्या, नाव नोंदवून घ्या, जेवण त्या दिवसापासून सुरू.

आता जेवण मिळत नसेल तर. इथे मात्र अर्ज करावा लागतो आणि तो करायलाच हवा. शालेय जेवणाच्या २०१५च्या नियमांनुसार धान्य संपलं, इंधन नाही, स्वयंपाकी ताई आल्या नाहीत, कारण काहीही असो, ज्या दिवशी जेवण दिलं नाही त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मुलाला द्यावा लागतो: त्याच्या वाट्याचं धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. तिसरीतल्या मुलीला पाच दिवस जेवण मिळालं नाही तर अर्धा किलो तांदूळ आणि पाच दिवसांचा खर्च तिचा हक्काचा. अनेक शाळांचं जेवण एकत्र शिजवणाऱ्या केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे आले नसतील तर भत्ता त्या स्वयंपाकगृहाकडून वसूल होतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण नसेल तर जबाबदारी कोणाची हे शासनाला ठरवावं लागतं. म्हणून तारखा लिहून ठेवा.

अर्ज साध्या कागदावर चालतो. मुख्याध्यापकांच्या नावे लिहा: ‘माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकते. दिनांक अमुक ते अमुक या काळात शाळेत पोषण आहार मिळालेला नाही. कारण लेखी कळवावे व नियमानुसार अन्न सुरक्षा भत्ता द्यावा.’ खाली नाव, सही, तारीख. दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. पोच नसेल तर पुढे कोणी विचारत नाही.

तोच अर्ज शाळा व्यवस्थापन समितीतही मांडा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे दाद लागली नाही तर तालुक्यात पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा प्राथमिक शिक्षण विभाग, त्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोगही आहे. अन्नाच्या दर्जाची तक्रार असेल तर आधी चव रजिस्टर बघायला मागा. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी अन्न चाखायचं असतं.

विनाअनुदानित खासगी शाळांना ही योजना लागू नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागेवर तिथे गेलेल्या गरीब मुलालाही नाही. घरी डबा होत नसेल तर शाळा निवडतानाच हे लक्षात घ्या. शाळेआधीच्या वयातल्या मुलांचं जेवण अंगणवाडीत.

आणि नववीत गेलेल्या मुलाचं काय? आपल्याकडे आठवी संपली की ताट बंद, नेमकं भूक वाढण्याच्या वयात. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकात दहावीपर्यंत जेवण मिळतं. मग आपल्याच मुलांना का नाही? नववी-दहावीपर्यंत जेवणाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून आणि ग्रामसभेतून लेखी जायला हवी.

दुष्काळी तालुक्यांसाठी आणखी एक गोष्ट: दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४चा आदेश आहे. तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल तर सुट्टी लागण्याआधीच मुख्याध्यापकांना लेखी विचारा: जेवण किती वाजता, कुठे, आणि धान्य आलं का.