ऑनलाइन व्यवसायाचा उत्तराधिकार

एकट्या मालकाने आंतरजालावर चालवलेला लहान व्यवसाय त्याच्या मृत्यूनंतर कोणाकडे, कोणत्या हक्काने व कोणत्या मार्गाने जावा, याची त्याने हयातीत केलेली तजवीज. ‘डिजिटल वारसा’ ही संज्ञा वृत्तपत्रांतून अधिक दिसते. परंतु ती घरगुती छायाचित्रे आणि समाजमाध्यमांवरील खाती यांनाही सरसकट लावली जात असल्याने प्रस्तुत नोंदीत वापरलेली नाही. बाजारपेठेतल्या दुकानाचा मालक वारला, तर वारसाच्या हाती निदान किल्ली, माल आणि उधारीची वही येते. ऑनलाइन व्यवसायात माल सोडल्यास संकेतस्थळाचे नाव, विक्रेता खाते, पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकांचे पैसे ऑनलाइन स्वीकारणारी सेवा) यांसारख्या बहुतेक गोष्टी कोणत्या तरी कंपनीशी केलेल्या कराराच्या रूपात असतात. त्यामुळे हक्क वारसाकडे आणि ताबा कोणाकडेच नाही, अशी स्थिती येथे उद्भवते. या विषयातील बहुतेक वाद याच फटीतून निघालेले आहेत.

व्यापाऱ्यामागे दूर राहिलेल्या धनाचा प्रश्न धर्मशास्त्राला अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, संभूयसमुत्थान म्हणजे भागीदारीतील व्यापार या प्रकरणात, परदेशी गेलेला व्यापारी मरण पावल्यास त्याचे द्रव्य दायाद (वारस), बांधव, ज्ञाती (भाऊबंद) किंवा परत आलेले सहव्यापारी यांनी घ्यावे, त्यांपैकी कोणी नसल्यास राजाने घ्यावे, असे सांगितले आहे (२·२६४). वारस न आल्यास असे धन दहा वर्षे राखून ठेवावे, असा दंडक नारदस्मृतीत आढळतो. याज्ञवल्क्यस्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसरे शतक असा सैलसर धरला होता. संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल ती गुप्तकाळात, चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास नेतात. व्यवहारविषयक भागाची प्रगल्भता पाहता हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र हा श्लोक भागीदारीविषयीचा आहे, एकट्या व्यापाऱ्याविषयीचा नव्हे. त्याला आजच्या विषयाचे मूळ म्हणणे धाडसाचे होईल. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरेच्या (याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेच्या) परंपरेत एकत्र कुटुंबाची पेढी कर्ता म्हणजे कुटुंबप्रमुख गेला तरी चालू राहते. ऑनलाइन व्यवसाय अशी पेढी क्वचितच असतो. तो बहुधा मालकाच्या पॅनवर उभी असलेली एकल मालकी असते आणि कायद्याच्या दृष्टीने तिला मालकाहून निराळे अस्तित्व नसते.

मालक हिंदू पुरुष असून मृत्युपत्राविना वारल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे मिळकत वर्ग १ च्या वारसांकडे जाते. त्यात विधवा, मुलगे व मुली यांच्या बरोबरीने आई आहे, वडील नाहीत. पॅकिंगपासून हिशेबापर्यंत सारे सांभाळलेल्या पत्नीला सासूचाही समान वाटा आहे हे बहुधा वारसपणाचा दाखला काढतेवेळीच कळते. स्त्री मालकाची स्थिती अधिक विलक्षण आहे. पती व मुले नसल्यास कलम १५ नुसार तिची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. आणि मिळकत स्वकष्टार्जित असली तरी हाच क्रम लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात म्हटले. घरगुती ऑनलाइन उद्योगांत स्त्रियांचा असलेला भरणा लक्षात घेता या तरतुदीची चर्चा आहे त्याहून पुष्कळ अधिक व्हायला हवी.

नॉमिनी म्हणजेच वारस, ही समजूत सर्वांत पसरलेली आणि सर्वांत नडणारी. सरबती देवी विरुद्ध उषा देवी (१९८४) या विमाविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा, ते वारसांसाठी राखणारा, असे ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने हर्षा नितीन कोकाटे खटल्यात (२०१०) शेअरच्या बाबतीत उलट मत दिले : कंपनी कायद्यातील शब्दयोजना पाहता मालकी नॉमिनीकडेच जाते. २०१६ मध्ये द्विसदस्यीय न्यायपीठाने दुसऱ्या एका खटल्यात ते मत अमान्य केले. हा दुसरा खटला ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रातील मिळकतीसंबंधीचा, तो पुढे शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी तेथेही उत्तराधिकाराचा कायदाच वरचढ ठरला. कोकाटे निकालाचा तर्क अगदीच पोकळ होता असे नाही. पण तो टिकला असता तर बँकेत वा कंपनीत भरलेला एक अर्ज मृत्युपत्राच्या वर गेला असता. एकल मालकीच्या करंट खात्यालाही नामनिर्देशन करता येते. बँकिंग कायद्यातील दुरुस्तीनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. त्यातून पैसे लवकर हाती येतात. ते कोणाचे, हा प्रश्न सुटत नाही.

मुखत्यारपत्राचीही तीच गत. भावाला किंवा मुलाला ‘सगळे अधिकार’ लिहून दिलेले असतात. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मूळ मालकाच्या मृत्यूबरोबर एजंटाचा अधिकार संपतो. कलम २०९ एजंटावर मयताच्या प्रतिनिधींसाठी हितरक्षणाची वाजवी पावले उचलण्याची जबाबदारी टाकते, एवढाच दिलासा.

महाराष्ट्रात वारसपणाचा दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून काढला जातो. एल्फिन्स्टन संहिता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विनियमांपैकी हा एक. त्याहून निराळे उत्तराधिकार प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या दहाव्या भागाखाली मिळते, पण ते फक्त येणी व रोखे यांपुरते असते. पेमेंट गेटवेकडे अडकलेली रक्कम ‘येणे’ म्हणून त्यात बसवता येते. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) किंवा विक्रेता खाते बसत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा २०१२ च्या उत्तराधिकारविषयक अधिनियमातून पुढे चालू आहे. सामाईक मिळकतीची पद्धत लागू असलेल्या दांपत्यात निम्मा व्यवसाय हयात जोडीदाराचा मुळातच असतो, आणि सक्तीचे (मृत्युपत्राने डावलता न येणारे) वारस असल्यास उरलेल्या निम्म्यातीलही अर्धा भागच मृत्युपत्राने देता येतो.

डोमेन ही मालमत्ता की निव्वळ सेवाकरार, यावर परदेशी न्यायालयांत मतभेद झाले. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अम्ब्रो खटल्यात डोमेन हे सेवाकराराचे फलित मानले, तर क्रेमेन विरुद्ध कोहेन (२००३) मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मालमत्ता ठरवले. भारतात सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट (२००४) या निकालाने डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. उत्तराधिकाराचा मुद्दा तेथे नव्हता, तरी निकालाचा रोख मालमत्तेच्या बाजूचा आहे आणि तोच मार्ग व्यवहार्य दिसतो. अर्थात मुदत या वादासाठी थांबत नाही. नूतनीकरण चुकल्यास .कॉम प्रकारचे नाव रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) सवलतीच्या काळानंतर काढून टाकले जाते, मग ३० दिवस जादा शुल्क भरून परत घेता येते, त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही मोकळे होते. आठवणीच्या सूचना येतात त्या मयताच्याच ईमेलवर.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते देवगडकडच्या एखाद्या हापूस बागायतदाराच्या उदाहरणावरून पाहता येईल. पेट्यांचे आगाऊ बुकिंग मार्चपासून संकेतस्थळावर सुरू आहे. एप्रिलच्या मध्यावर मालक जातो. संकेतस्थळाला ते ठाऊक नसते. दहाव्या-बाराव्याच्या दिवशीही पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके पैसे भरतच असतात. बँकेला मृत्यूची खबर मिळताच करंट खात्यातून रक्कम काढणे बंद होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नंतर येणारा पैसा मयताच्या मिळकतीच्या नावाने उघडलेल्या निराळ्या खात्यात ठेवावा किंवा पाठवणाऱ्याकडे परत करावा लागतो. बुकिंग थांबवायचे तर लॉगिन हवे, लॉगिनला ओटीपी, आणि ओटीपी येतो कपाटात ठेवलेल्या, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या फोनवर. पॅटर्न ठाऊक असलेला मुलगा असे खाते उघडतो तेव्हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ आड येऊ शकते, कारण ते संगणकाच्या मालकाची वा प्रभाऱ्याची परवानगी मागते. फोन वारसाचा झाला हे खरे. ज्या सर्व्हरवर तो शिरतो तो वारसाचा नाही. शोकाच्या घरी या कलमाचा बडगा कोणी उगारू नये हे उघड आहे, तथापि वारसांत भांडण असेल तर पहिली तक्रार याच मुद्द्यावर होऊ शकते.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत वाट तुलनेने स्पष्ट आहे. नोंदणी क्रमांकात तिसऱ्या ते बाराव्या स्थानी मालकाचा पॅन असल्याने तो वारसाला चालत नाही. वारसाने नवी नोंदणी घ्यायची, कारण ‘एकल मालकाचा मृत्यू’ नमूद करायचे आणि शिल्लक कर-जमा (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ या नमुन्याने वळवायची. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या २८ मार्च २०१९ च्या परिपत्रकात (क्र. ९६) हे सांगितले आहे. जुनी थकबाकी कलम ९३ नुसार धंदा चालू ठेवणाऱ्या वारसाच्या डोक्यावर येते; धंदा बंद केला असल्यास मिळकत पुरेल तेवढीच. मसाले, फराळ, लोणची विकणाऱ्यांसाठी २०११ च्या अन्नसुरक्षा परवानाविषयक विनियमांत मृत्यूनंतर ९० दिवस परवाना कुटुंबीयांसाठी जिवंत ठेवण्याची सोय आहे, जी फारशी कोणाला माहीत नसते.

एकल मालकीऐवजी एकव्यक्ती कंपनी काढणे हा एक उपाय. ही कल्पना जे. जे. इराणी यांच्या समितीने २००५ मध्ये सुचवली व २०१३ च्या कंपनी कायद्यात ती आली. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याची जागा घेणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिच्या लेखी संमतीने, स्थापनेवेळीच द्यावे लागते. खाती व करार कंपनीच्या नावे असल्याने मालकाबरोबर ते मरत नाहीत. मात्र वार्षिक विवरणे व लेखापरीक्षण यांचा खर्च पाहता महिन्याला वीस-पंचवीस पार्सले पाठवणाऱ्याला कोणी हा सल्ला देऊ नये.

कंपन्यांनी स्वतः दिलेल्या सोयींत गूगलचे इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर (२०१३) आणि ॲपलचा लेगसी काँटॅक्ट, म्हणजे मृत्यूनंतर खात्यातील माहिती मिळावी म्हणून नेमलेली व्यक्ती (२०२१), या प्रमुख होत. पहिल्यात ३ ते १८ महिन्यांची निष्क्रियता ठरवून दहापर्यंत व्यक्तींना माहिती देता येते. चालू धंद्याला तीन महिनेही फार झाले. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१५ च्या नमुना कायद्यात आधी अशी ऑनलाइन सूचना, मग मृत्युपत्र, मग कंपनीच्या अटी असा क्रम आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी समाजमाध्यमावरील खात्याचा करार वारसांकडे जातो असे ठरवले. भारतात यांपैकी कशाला समांतर कायदा नाही.

मृत्युपत्र मात्र कागदावरच हवे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने ते इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. दोन साक्षीदार लागतात. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. डोमेन, ब्रँडचे नाव, उत्पादनांची छायाचित्रे व मजकूर यांचा त्यात नावानिशी उल्लेख असावा, पासवर्डचा नसावा : ते बदलतात, आणि प्रोबेटला (न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्यास) गेलेले मृत्युपत्र न्यायालयाच्या दप्तरात जाते. पासवर्ड, रजिस्ट्रारचे नाव, नूतनीकरणाच्या तारखा आणि सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे याची स्वतंत्र वही ठेवण्याचा प्रघात सनदी लेखापालांच्या सल्ल्यातून पडतो आहे. नोंदणीकृत व्यापारचिन्ह वारसाच्या नावे करण्यासाठी टीएम-पी हा नमुना भरावा लागतो. छायाचित्रे व मजकूर मालकाने स्वतः केलेले असल्यास त्यांवरील लेखाधिकार मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तो बजावण्यासाठी कोणतीही नोंदणी लागत नाही.