ओझोन प्रक्रिया, पुनर्चक्री मत्स्यशेतीतील

बंदिस्त टाक्यांत तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरण्याच्या मत्स्यसंवर्धन पद्धतीत (आरएएस) पाण्यात ओझोन वायू सोडून केली जाणारी प्रक्रिया. ख्रिस्टियान शोनबाइन यांनी १८४० मध्ये या वायूला त्याच्या उग्र वासावरून नाव दिले. पिण्याच्या पाण्यासाठी तो विसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात आहे; मत्स्यशेतीत तो बराच उशिरा आला.

आरएएसमध्ये ड्रम फिल्टर विष्ठा व उरलेले खाद्य गाळून काढतो, तर बायोफिल्टरमधील जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तरीही अतिसूक्ष्म कण आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ साचत राहतात. पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखे होते, तळाशी फिरणारे मासे दिसेनासे होतात. ओझोन रंग देणाऱ्या रेणूंचे दुहेरी बंध तोडतो, बारीक कणांचे पुंजके जमवतो (मग ते गाळणीत अडकतात किंवा फेसाबरोबर निघून जातात) आणि नायट्राइटचे थेट नायट्रेट करतो. मात्रा माशांच्या नव्हे, तर खाद्याच्या वजनावर ठरते: एक किलो खाद्यामागे साधारण १० ते २० ग्रॅम.

ओझोन साठवून ठेवता येत नाही, तो जागेवरच तयार करावा लागतो. त्यासाठी ऑक्सिजन उच्च विद्युतदाबाच्या विसर्जनातून नेतात. त्यातला थोडाच भाग ओझोन होतो. उरलेला ऑक्सिजन माशांच्याच कामी येतो. साधी हवा वापरली तर ती आधी कोरडी करावी लागते, कारण ओलाव्याने उत्पादन घटते आणि यंत्रात नायट्रिक आम्ल तयार होते. कोकणातल्या पावसाळी हवेत हा खर्च टाळून चालणार नाही.

ओझोन जंतुनाशक म्हणून विकला जातो, पण आरएएसमध्ये ही ख्याती अंमळ फुगवलेलीच आहे. जंतूंपर्यंत पोहोचण्याआधी सेंद्रिय मळच त्याला खाऊन टाकतो. अमेरिकेतील शेपर्डस्टाउन येथील फ्रेशवॉटर इन्स्टिट्यूटच्या रेनबो ट्राउट माशांवरील प्रयोगांत (१९९७ मध्ये प्रसिद्ध) पाण्यातील जिवाणू दहापटीनेही घटले नाहीत. तरीही कल्ल्यांच्या जिवाणूजन्य रोगाने होणारी मरतूक बव्हंशी टळली. श्रेय सुधारलेल्या पाण्याला गेले. जंतू खरोखर मारायचे असतील तर ओझोननंतर अतिनील दिवा लावतात. पाणी नितळ असल्याने किरण खोलवर जातात आणि २५४ नॅनोमीटरचा प्रकाश उरलासुरला ओझोनही मोडतो.

हा उरलासुरला ओझोनच माशांच्या जिवावर उठतो. लिटरमागे ०.००९३ मिलिग्रॅमला चार दिवसांत निम्मे रेनबो ट्राउट मरतात. सुरक्षित मर्यादा ०.००२ मानतात. इतके सूक्ष्म प्रमाण रोज मोजणे कठीण, म्हणून पाण्याच्या ऑक्सिडीकरण विभवावर (ओआरपी, म्हणजे पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद दाखवणारा विद्युत आकडा) नियंत्रण ठेवतात. गोड्या पाण्यात ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास असते. मात्र मोजणाऱ्या प्रोबवर बुळबुळीत थर चढला की आकडा चुकतो आणि यंत्र डोळे झाकून ओझोन सोडत राहते. समुद्राच्या पाण्यात धोका वेगळा: तिथला ब्रोमाइड ओझोनशी संयोग पावून हायपोब्रोमस आम्ल व ब्रोमेट बनतो. ही संयुगे ओझोनपेक्षा जास्त टिकतात, म्हणून मात्रा कमी ठेवतात.

कामगारांसाठी आठ तासांची प्रचलित मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग आहे. त्याहून कमी ओझोनही वासाने कळतो, पण नाक त्या वासाला लवकर सरावते. म्हणून यंत्राच्या खोलीत गळती ओळखणारा सेन्सर बसवतात.