'भिऊ नको' बायबलमध्ये 365 वेळा नाही

"बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर 365 वेळा आहे, रोजच्यासाठी एकदा," हा मेसेज मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. मोजलं तर तसं भरत नाही. भाषांतरानुसार आकडा बदलतो, पण 365 च्या जवळपासही जात नाही.

मला खुपतो तो त्यातून काढलेला अर्थ: भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला. बायबलमधल्याच स्तोत्र 56 मध्ये तर भक्त म्हणतो, भीती वाटेल तेव्हा मी देवावर भरवसा ठेवीन. प्रेषित पौलानंही करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं, मी तुमच्याकडे आलो तो भीत, कापत. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झालेला येशू?

दादरला उतरताना रिपोर्टचं पाकीट धरलेले माझ्या बहिणीचे हात थरथरत होते. त्याच हातानं तिनं शेजारच्या आजींना आधार देऊन आधी उतरवलं.