सात नंबर कोठे आहे?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या शेडमध्ये व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या (टूल धरून फिरवणाऱ्या दांड्याच्या) संगणक-नियंत्रित यंत्राच्या काचेसमोर पाहुणा उभा राहिला, की कापण्याच्या कामाकडे त्याचे लक्ष फार वेळ टिकत नाही. कापताना टूल थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या पांढुरक्या फवाऱ्यात तसे काही दिसतही नाही. मग फवारा थांबतो, स्पिंडल वर जातो, बाजूच्या झाकणामागून एक आडवा हात वळून बाहेर येतो आणि दोन-तीनदा पापणी लवेपर्यंत भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या जागी आटे पाडणारा टॅप बसलेला असतो. पाहुणा हमखास म्हणतो, "पुन्हा एकदा दाखवा." हात वेगवान आहे हे खरेच, पण या यंत्रणेतील अवघड भाग तो हात नव्हे. अवघड आहे ते टूल दर वेळी त्याच जागी, काही मायक्रॉनच्या फरकात बसवणे आणि कोणते टूल कोठे ठेवले आहे हे न चुकता लक्षात ठेवणे.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहानमोठ्या शेडचे जाळे विणले गेले. दुचाकीच्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे एखादे कव्हर घेतले, तर त्यावर आधी फेस मिलने सपाटी करायची, मग भोकांच्या जागा खुणावायच्या, ड्रिल मारायचे, कडा मोडायच्या, आटे पाडायचे, बोअर करायचे, म्हणजे भोक मोठे करायचे, आणि ते नेमक्या मापाला आणायला रीमर फिरवायचा. एकाच जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, दहा-बारा टूल सहज लागतात. आपल्याकडचा सुतार पिशवीत हात घालून न बघता वाकस की पटाशी ते ओळखतो, कारण त्याच्या बोटांना दांड्यांचा स्पर्श पाठ असतो. यंत्राच्या हाताला तसा स्पर्श नाही आणि बहुतेक यंत्रांना डोळेही नाहीत.

लेथवर हा प्रश्न बराच आधी सुटला होता. लेथमध्ये जॉब फिरतो आणि टूल स्थिर असते. त्यामुळे एका फिरत्या बुरुजावर सगळी टूल कायमची बसवून हवे ते पुढे आणता येते. अमेरिकेत स्टीफन फिच याने १८४५ मध्ये पिस्तुलाचे स्क्रू बनवण्यासाठी आठ टूलचा असा टरेट लेथ तयार केला. मिलिंगमध्ये मात्र टूलच फिरते, म्हणून ते स्पिंडलमधून बाहेर काढणे भाग पडते. १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने पंच केलेल्या पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांपुढे आणले. यंत्र आपणहून हव्या त्या जागी जाऊ लागले, पण टूल बदलायला पाना घेतलेला माणूस शेजारी उभाच राहिला. १९५८ च्या सुमारास मिलवॉकी येथील कर्नी अँड ट्रेकर कंपनीने 'मिलवॉकी-मॅटिक' आणले, तेव्हा हे काम यंत्राकडे गेले आणि 'मशीनिंग सेंटर' हा शब्द रूढ होऊ लागला.

जुन्या ड्रिलिंग मशीनवर काम केलेल्याला मोर्स टेपर ठाऊक असतो. हा शंकू इतका निमुळता असतो की, ड्रिल एकदा हाताने ठोकून बसवले की घर्षणानेच घट्ट धरले जाते आणि काढताना खाचेत चपटी पाचर घालून हातोडी मारावी लागते. माणसाला ते जमते. सेकंदाच्या हिशेबाने चालणाऱ्या यंत्राला हातोडी मारत बसणे परवडत नाही. म्हणून मिलिंगमध्ये टूल ज्यात बसवतात त्या होल्डरसाठी ७/२४ प्रमाणाचा टेपर वापरतात. त्याची लांबी २४ मिमी वाढली, की व्यास ७ मिमीने वाढतो. या शंकूचा पूर्ण कोन सुमारे साडेसोळा अंशांचा असल्यामुळे तो अडकून बसत नाही, सोडला की सुटतो. आपल्याकडच्या शेडमध्ये सर्रास दिसणाऱ्या बीटी-४० होल्डरच्या शंकूचे तोंड ४४.४५ मिमी व्यासाचे असते. लहान टॅपिंग यंत्रांवर बीटी-३० आणि भारी कामाला बीटी-५० लावतात.

आता जो शंकू आपणहून सुटतो तो आपणहून धरतही नाही, त्यामुळे त्याला सतत वर ओढून धरावे लागते. होल्डरच्या टोकाला पुल स्टड नावाची गोंड्यासारखी खुंटी असते. स्पिंडलच्या पोटातला ड्रॉबार आपल्या चिमट्याने ती पकडतो आणि एकावर एक रचलेल्या बशीच्या आकाराच्या स्प्रिंगा तो ड्रॉबार वर खेचून ठेवतात. बीटी-४० मध्ये हा ताण साधारण ८०० किलो ते १ टन वजनाइतका असतो. या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की धरण्याचे काम स्प्रिंगकडे आणि सोडण्याचे काम हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरकडे दिले आहे. म्हणजे लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, तरी टूल खाली पडत नाही. उन्हाळ्यात दिवसातून चारदा वीज लपंडाव खेळते अशा ठिकाणी या साध्या निर्णयाची किंमत कळते.

तो दोन-अडीच सेकंदांचा प्रकार सावकाश पाहिला तर असा दिसतो. चालू टूल अजून कापत असतानाच मॅगझिन, म्हणजे टूल ठेवण्याचे फिरते कोठार, फिरून पुढचे टूल ठरलेल्या जागी आणून ठेवते. टूल ज्या पेल्यात बसते त्याला पॉट म्हणतात. तो पॉट ९० अंशांत खाली वळतो, म्हणजे आडवे असलेले टूल स्पिंडलसारखे उभे होते. प्रोग्रॅममध्ये एम-०६ ही टूल बदलण्याची आज्ञा आली की स्पिंडल बदलीच्या उंचीवर जातो आणि एका ठरावीक कोनात थांबतो. हा कोन महत्त्वाचा, कारण स्पिंडलच्या तोंडाशी दोन चाव्या असतात आणि होल्डरच्या खाचा त्यांच्यासमोर आल्या नाहीत तर होल्डर आत जाणारच नाही. मग दोन्ही टोकांना पंजे असलेला हात वळतो आणि एका पंजाने स्पिंडलमधले, दुसऱ्याने पॉटमधले टूल एकाच वेळी पकडतो. ड्रॉबार खाली दाबला जातो, होल्डर सैल होतो, हात दोन्ही टूल घेऊन खाली उतरतो, १८० अंश फिरतो आणि वर जातो. नेमक्या त्या वेळी स्पिंडलच्या मधून हवेचा जोरदार झोत सुटतो. स्प्रिंगा पुन्हा पकड घेतात, हात आपल्या जागी परततो आणि पॉट वर उचलला जातो. फिरणे आणि वर-खाली होणे या दोन्ही हालचाली बहुतेक यंत्रांत एकाच मोटरने चालणाऱ्या कॅमच्या पेटीतून येतात; त्यामुळे त्यांचा क्रम बिघडण्याची सोयच ठेवलेली नसते.

त्या हवेच्या झोताबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. शंकूच्या वरच्या टोकाशी १० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाइतका कीस अडकला असे समजा. शंकूची टेकण्याची लांबी सुमारे ६० मिमी आणि टूल खाली १५० मिमी बाहेर आलेले असेल, तर त्या सूक्ष्म तिरकसपणामुळे टूलचे टोक २५ मायक्रॉन बाजूला सरकते आणि डायल लावून स्पिंडल हाताने फिरवला तर काटा ५० मायक्रॉन दाखवतो. बेअरिंग बसवायच्या बोअरसाठी एवढी चूक म्हणजे जॉब भंगारात. माप अधूनमधून बिघडते आणि आपोआप नीट होते, अशी तक्रार आली की अनुभवी सेटर प्रोग्रॅम उघडत नाही. तो आधी होल्डर काढून शंकूवर उजेड पाडतो आणि चिकटलेल्या कणाचा काळपट ठसा शोधतो.

लहान उद्योजकाला यंत्र घेताना पडणारा प्रश्न निराळा असतो: हात असलेला टूल चेंजर घ्यावा, की स्वस्तातला छत्रीसारखा? छत्रीत हात नसतो. पूर्ण मॅगझिनच स्पिंडलखाली सरकते, जुने टूल त्याच्या रिकाम्या जागी ठेवून घेते, मग फिरून नवे टूल पुढे करते. एका बदलाला सहा-आठ सेकंद जातात आणि कापणे चालू असताना पुढची तयारी करता येत नाही. हिशेब मांडून पाहू. एका जॉबला १२ टूल आणि पाळीत ६० जॉब धरले तर ७२० बदल होतात. छत्रीचे ७ सेकंद धरले तर ८४ मिनिटे, हाताचे अडीच सेकंद धरले तर ३० मिनिटे. म्हणजे पाळीमागे जवळपास तासाभराचा फरक. पण फिक्श्चरवर, म्हणजे जॉब घट्ट धरणाऱ्या साच्यावर, एकाऐवजी चार जॉब बांधले आणि प्रत्येक टूलने चौघांचे काम उरकून मगच बदल केला, तर बदल १८० उरतात. छत्रीला २१ मिनिटे लागतात आणि हाताला साडेसात. फरक साडेतेरा मिनिटांवर येतो. त्यामुळे हात असलेल्या यंत्राचे कर्ज काढण्यापूर्वी फिक्श्चरचा विचार करावा, असे मी विचारणाऱ्याला सांगत आलो आहे. सगळ्यांना ते पटते असे नाही; हात पाहायला छान दिसतो.

छत्री संथ असली तरी हिशेबाला सोपी असते, कारण तिच्यात पाच नंबरचे टूल कायम पाच नंबरच्या जागी परत जाते. हाताच्या यंत्रात तसे नसते. हात अदलाबदल करतो, त्यामुळे जुने टूल नव्या टूलने रिकाम्या केलेल्या पॉटमध्ये जाऊन बसते आणि दिवसभरात सगळ्यांच्या जागा बदलून जातात. कोणते टूल कोणत्या पॉटमध्ये आहे याचा तक्ता कंट्रोलर स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि दर बदलानंतर त्यात दोन नोंदी फिरवतो. पूर्वीच्या काही यंत्रांत होल्डरवरच जाड-बारीक कड्यांची सांकेतिक खूण असे आणि मॅगझिन फिरताना ती वाचली जाई. आजच्या साध्या व्हीएमसीत असे वाचणे नाही, नुसते आठवणे आहे.

त्या आठवणीवर विसंबण्याचा धडा मला एका शेडमध्ये मिळाला. मे महिन्यातली दुपार, पाळी बदलायची वेळ. स्पिंडलमध्ये सात नंबरची फेस मिल होती आणि पॉटमध्ये बारा नंबरचे लांब ड्रिल तयार होते. हात दोन्ही टूल घेऊन अर्ध्यात फिरला आणि लाइट गेली. अशा वेळी मोटरचा ब्रेक सोडून तिच्या शाफ्टला पाना लावून हात हळूहळू फिरवतात. ऑपरेटरने तसेच केले, पण हात मागे आणण्याऐवजी पुढे पूर्ण फिरवला. ड्रिल स्पिंडलमध्ये गेले, फेस मिल पॉटमध्ये, आणि तक्त्यातली नोंद मात्र जुनीच राहिली. लाइट आल्यावर दुसऱ्या पाळीच्या मुलाने प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू केला. पहिलीच आज्ञा सात नंबरची होती. यंत्राच्या मते सात स्पिंडलमध्येच होता, म्हणून बदल झाला नाही. फेस मिलची लांबी ११० मिमी आणि ड्रिलची १९० मिमी. यंत्र ११० चा हिशेब धरून वेगाने खाली आले आणि ड्रिल जॉब फोडून फिक्श्चरमध्ये घुसले. मी पोचलो तेव्हा तो मुलगा कळवळून सांगत होता, "सर, स्क्रीनवर तर अजून सातच दाखवतंय." तो खोटे बोलत नव्हता आणि स्क्रीनही आपल्या परीने खोटे बोलत नव्हता.

तक्त्यात नंबरांखेरीजही बरेच काही सांभाळावे लागते. मोठ्या व्यासाची फेस मिल असेल तर तिच्या शेजारचे दोन पॉट रिकामे ठेवावे लागतात आणि तिची जागा कायम करावी लागते, नाहीतर ती अदलाबदलीत दुसरीकडे जाऊन शेजाऱ्यावर आपटेल. जड टूल एकाच बाजूला साचली तर मॅगझिन फिरताना ओढ खाते. एकाच कामाची दोन टूल ठेवून पहिल्याचे आयुष्य संपले की दुसरे आपोआप बोलावणे, हेही याच तक्त्यातून चालते. मोठ्या कारखान्यांत २४ पॉट पुरत नाहीत. तेथे साखळीवर ६० किंवा १२० टूल टांगतात, आणि होल्डरमध्ये बसवलेल्या चकतीएवढ्या चिपमध्ये त्या टूलची लांबी, व्यास व उरलेले आयुष्य लिहून ठेवतात. म्हणजे कड्यांची जुनी कल्पना नव्या रूपात परत आली आहे.

स्पिंडलचा वेग फार वाढला, की ७/२४ टेपरचीही मर्यादा दिसते. केंद्रापसारक बलाने स्पिंडलचे तोंड किंचित फाकते, ड्रॉबार होल्डरला आणखी आत खेचतो आणि टूलची लांबी बदलते. थांबल्यावर होल्डर अडकूनही बसतो. यावर जर्मनीत आखेनच्या तंत्र विद्यापीठात एचएसके हा पोकळ, आखूड शंकू विकसित झाला. तो शंकूवर आणि सपाट तोंडावर अशा दोन्ही ठिकाणी टेकतो, आणि त्याला आतून धरणारा चिमटा वेगाबरोबर अधिकच घट्ट होतो.

यंत्राबाहेर टूल ठेवण्याची व्यवस्था हा आपल्याकडचा दुबळा भाग आहे. पन्नास लाखांच्या यंत्राशेजारी होल्डर कॅरेटमध्ये एकमेकांवर आडवे पडलेले मी अनेकदा पाहिले आहेत. होल्डरच्या शंकूला एक टवका उडाला तर तो स्पिंडलच्या शंकूवर ओरखडा पाडतो, आणि मग त्या स्पिंडलमध्ये बसणारे प्रत्येक टूल तो दोष घेऊन कापते. घामेजल्या हाताचा ठसा शंकूवर राहिला तर पावसाळ्यात त्याच आकाराचा गंज उमटतो. चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये मालकाने सागाच्या फळीला भोके पाडून, आत प्लास्टिकच्या बाह्या बसवून उभे मांडे केले आहेत. प्रत्येक भोकाखाली नंबर रंगवला आहे, संध्याकाळी शंकूंवर पातळ तेलाचा हात फिरतो आणि यंत्रात चढवण्यापूर्वी ते तेल कोरड्या कापडाने पुसले जाते. मॅगझिनच्या दारावर एक पांढरी पाटी टांगली आहे. लाइट गेली, की आधी मॅगझिन एकेक पॉट फिरवून, आत प्रत्यक्ष काय बसले आहे ते पाहून पाटीवर मार्करने लिहायचे, ते स्क्रीनशी ताडायचे आणि मगच हिरवे बटण दाबायचे, असा तेथला नियम आहे. चोवीस पॉटना सात-आठ मिनिटे लागतात.