काटा ८० वर, मोबाईल ७६ वर : मीटर उघडायला सांगण्याआधी

आठवड्यातून दोन-तीन तरी गिऱ्हाइकं मोबाईलमधला फोटो पुढे धरूनच दुकानात शिरतात. फोटोत गाडीचा काटा ८० वर, शेजारी नकाशाच्या ॲपमध्ये ७६. "मीटर खराब आहे, उघडून ॲडजस्ट करून द्या." काउंटरवर उभं राहून प्रत्येकाला तेच सांगण्यात तुमचाही वेळ जातो, आमचाही. म्हणून हा कागद.

पहिलं उत्तर असं, की ८० आणि ७६ हा बिघाड नाही. कंपनीनेच मीटर थोडं पुढे ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा नियम क्रमांक ३९ सांगतो, की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवलं तर चालेल, पण कारच्या बाबतीत खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंतच. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो. टायर नवा असो की झिजलेला, काटा कमी दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या हातचं थोडं राखतात. कमी दाखवणाऱ्या मीटरपायी दंड भरण्यापेक्षा हे बरं.

मग मोबाईल खरा का? सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात चालताना, हो, बहुतेक वेळा मोबाईलच खऱ्याच्या जास्त जवळ असतो. गाडी चाकाचे फेरे मोजते आणि टायरचा घेर ठरावीक धरून वेग काढते. मोबाईलला टायरशी देणंघेणं नाही. उपग्रहाच्या लहरींमध्ये आपल्या चालण्यामुळे जो बारीक फरक पडतो, त्यावरून तो वेग काढतो. पण त्याला वर आकाश लागतं. समृद्धीवर इगतपुरीच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात शिरलात की त्याचा आकडा एक तर गोठतो, नाही तर तो अंदाजपंचे सांगतो. तिथला फोटो आणू नका.

आता ज्या चुकीत सगळ्यांचा वेळ जातो, ती. बहुतेक फोटो वेग वाढताना किंवा कमी होताना काढलेले असतात. मोबाईल साधारण सेकंदाला एकदा आकडा बदलतो, आणि तोही थोडा मागचाच असतो. ६० वरून ८० ला जायला तुम्हाला सहा-सात सेकंद लागले, तर दर सेकंदाला वेग तीन किलोमीटरने वाढतोय. मोबाईल दीड-दोन सेकंद मागे असला की तेवढ्यातच पाच-सहा किलोमीटरचा फरक दिसतो, आणि त्यात मीटरचा काही दोष नसतो. ब्रेक मारताना हेच उलटं होतं. काटा ६० वर आलेला असतो, मोबाईल अजून ६६ सांगत असतो. तो फोटो पाहून गिऱ्हाईक घाबरतं, की आपलं मीटर कमी दाखवतंय. एका गृहस्थांनी अशाच एका फोटोवरून आमच्याकडून मीटर बाहेर काढवून घेतलं. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उघडलं, सॉकेट काढली, सगळं तपासून परत बसवलं. अर्धा दिवस गेला, आणि सापडलं काहीच नाही. फोटो टोलनाक्याला थांबायच्या आधीचा होता. (फोटो काढणारा आणि गाडी चालवणारा एकच होता का, ते आम्ही विचारत नाही. कोनावरून कळतं.)

तर घरच्या घरी तपासायचं असेल तर असं करा. शेजारी दुसऱ्या माणसाला बसवा, मोबाईल त्याच्या हातात द्या. सपाट, सरळ रस्ता घ्या. पुलाखाली, झाडांच्या बोगद्यात किंवा घाटात नको. काटा ४० वर आणून दहा-पंधरा सेकंद तसाच धरा, मग आकडा वाचायला सांगा. असंच ६० ला, असंच ८० ला. तिन्ही आकडे कागदावर लिहा. ३८, ५७, ७६ आले तर मीटर ठणठणीत आहे. ३७, ५७, ७७ आले तरीही. ४० आणि ६० ला जमतंय आणि ८० ला मोबाईल एकदम ७० वर, असं झालं तर जरूर या. काटा थरथरतो, मध्येच शून्यावर पडतो, सोबत एबीएसचा (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो, तर आकडे-बिकडे काही नको, सरळ या. तो सेन्सरचा किंवा वायरिंगचा प्रश्न असतो. जुन्या गाडीत केबलचा.

मोबाईलवर विश्वास नसेल तर आमच्या वडिलांच्या काळातली रीत आजही चालते. काटा ८० वर स्थिर धरायचा आणि शेजारच्याने किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळात मोजायचा. खरे ८० असतील तर ४५ सेकंद लागतात. ४७ लागले, तर खरा वेग ७६-७७ आहे.

खरा घोळ असतो तो टायरचा. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर. दिसायला भारी म्हणून कोणी १६ इंची रिमवर २०५/६० आर १६ चढवतो. त्याचा व्यास ६५२. चाक पाच टक्के मोठं झालं, पण मीटरला ते कोणी सांगितलेलं नसतं. आधी काटा ८० ला असताना खरा वेग ७७ असेल, तर आता तो जवळजवळ ८१ असतो. कंपनीने राखलेलं हातचं संपलं, आणि मीटर खरोखरच कमी दाखवू लागलं. त्याच १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला असता तर व्यास ६२१ राहिला असता, म्हणजे फरक जवळपास शून्य. टायर आमच्याकडूनच घ्या असं म्हणणं नाही, पण घेण्याआधी साईज फोनवर विचारा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही, अलाईनमेंटला येता तेव्हा गप्पांतही सांगतो. झिजलेले टायर बदलून नवे टाकले की काटा आणि मोबाईलमधला फरक दीड-दोन टक्क्यांनी कमी होतो, तेही नैसर्गिकच. कमी हवेचा रेडियल टायरमध्ये परिणाम अगदी थोडा असतो, पण हवा दुसऱ्या कारणांसाठी तपासाच.

"मग माझे किलोमीटरही जास्त पडले का, सर्व्हिसिंग लवकर आलं का?" असं काहीजण विचारतात. तसं धरून चालू नका. हातचं राखतात ते वेगाच्या आकड्यात. किलोमीटरचा हिशेब त्यापासून वेगळा ठेवता येतो. बऱ्याच गाड्यांत आम्ही स्कॅनर लावतो तेव्हा गाडीच्या कॉम्प्युटरमधला वेग काट्यापेक्षा मोबाईलला जास्त जुळतो. म्हणजे गाडीला खरं माहीत असतं, ती तुम्हाला थोडं वाढवून सांगते इतकंच.

तपासणीचे पैसे बिघाड न निघताही आम्ही घेतो, यावर थोडी कुरकुर होते. पण स्कॅनर लावणं, सोबत माणूस देऊन ट्रायल घेणं, याला वेळ तोच लागतो. दुरुस्ती निघाली तर ती रक्कम बिलातून वजा करतो. काटा मोबाईलला तंतोतंत जुळवून देणं, २०१९ च्या जुलैपासूनच्या गाड्यांत ८० च्या पुढे वाजणारी बीप बंद करणं आणि किलोमीटर कमी करणं, ही तीन कामं आम्ही घेत नाही. तिसरं तर गाडी विकत घेणाऱ्याची फसवणूकच आहे.

येताना ४०, ६०, ८० चे तीन आकडे आणि टायरच्या बाजूवर लिहिलेला साईज घेऊन या. निम्मं काम तिथेच होतं. ट्रायल हवी असेल तर सकाळी साडेनऊच्या आत या. त्यानंतर हायवेवर पंधरा सेकंदही एका वेगात गाडी धरता येत नाही.